परगावचा विणकर आणि मराठी लुगडे

मीरा रोडच्या पूर्वेला, मीरा-भाईंदर रस्त्यावर सिल्व्हर पार्क नावाची वस्ती आहे. नावावरून बगीचा असावा असे वाटते. प्रत्यक्षात इमारती, दुकाने आणि रिक्षांची रांग. जिथे आज लोक राहतात तिथे दोन पिढ्यांपूर्वी मिठागरे, भातखाचरे आणि खाडीचे पाणी होते. 1991 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाख होती. 2001 मध्ये ती पाच लाख वीस हजार झाली आणि 2011 मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. म्हणजे इथल्या बहुतेकांना 'मूळचे कुठले?' हा प्रश्न विचारता येतो आणि बहुतेकांकडे त्याचे उत्तर दुसऱ्या कुठल्यातरी गावाचे नाव असते.

आमच्या शेजारच्या जिन्यात एक बाई राहतात. जाड सुती दोरीला गाठी मारून त्या भिंतीवर टांगायच्या वस्तू करतात; मॅक्रमे म्हणतात त्याला. लग्नानंतर काही वर्षे हे काम त्या सोलापुरात करीत. पतीची नोकरी बदलली तसे बिऱ्हाड इकडे आले आणि गिऱ्हाईक, दोरीचा दुकानदार, प्रदर्शनातली ओळखीची माणसे, सगळे मागे राहिले. इथे आल्यावर वर्षभर त्यांचे काहीच विकले गेले नाही. त्यांच्या भिंतीवरच्या नक्षीला इथे कोणी विचारीना. मग खालच्या मजल्यावरच्या एका गुजराती कुटुंबाने दारासाठी तोरण मागितले. त्यात कवड्या आणि आरसे हवेत, मध्ये शुभ-लाभ हवे, झालर अमुक इतकीच उतरलेली हवी, अशा सूचनांसह. बाईंनी ते केले. आता त्यांचे निम्म्याहून अधिक काम तोरणांचे आहे.

2025 च्या जूनअखेरीस आणि जुलैत मीरा रोडमध्ये भाषेच्या प्रश्नावरून मारहाण झाली, बंद झाला, मोर्चा निघाला. त्या दिवसांत संकुलाच्या फाटकाशी कोणीतरी या बाईंना विचारले, ''तुम्ही नक्की मराठी ना? घरात तर वेगळेच काहीतरी बोलता.'' घरात त्या तेलुगू बोलतात. त्यांनी आपल्या सोलापुरी हेलात उत्तर दिले, ''आम्ही सोलापूरचे.'' विचारणाऱ्याचे समाधान झाले की नाही ते कळले नाही. आमचे मात्र त्या उत्तरापाशी अडले, कारण या दोन शब्दांच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मराठी साहित्याच्या अभ्यासकांनीही फारसा ध्यानात घेतलेला नाही.

सोलापुरातील पद्मशाली समाज तेलंगणातून आला. तेव्हाच्या निजामाच्या राज्यातील करीमनगर, वरंगळ, नलगोंडा या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विणकरांची कुटुंबे पश्चिमेकडे सरकत गेली. त्यांना कोणी बोलावले नव्हते. विलायती कापडाने खेड्यातल्या मागाचे गिऱ्हाईक तोडले होते. जे माग टिकले ते गिरणीचे सूत जिथे सहज मिळे अशा बाजाराच्या गावी. 1860 मध्ये आगगाडी सोलापूरला पोचली, 1877 मध्ये तिथली पहिली कापडगिरणी, जिला गावकरी पुढे 'जुनी गिरणी' म्हणू लागले, सुरू झाली. सूत आणि बाजार ही दोन्ही टोके एका गावात आली. नवीन गाव निवडताना विणकराने पाहिले ते एवढेच. 1876-78 च्या दुष्काळात सोलापूर स्वतः होरपळून निघाले, तरी हा ओघ दीर्घकाळ थांबला नाही.

सोबत त्यांनी काय आणले? आपल्या कुळाची कथा आणली. ती अशी की मार्कंडेय ऋषींच्या वंशातल्या भावनाऋषींनी कमळाच्या देठातील तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणले, म्हणून हे पद्मशाली. सोलापुरात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, त्याचे मूळ या कथेत आहे. गंमत अशी की मराठी मुलखातला जुना विणकर 'साळी' आणि तेलंगणातून आलेला 'शाली' ही एकाच शब्दाची दोन रूपे. आणि मराठीतला माग तेलुगूत मग्गम्, कन्नडमध्ये मग्ग. धंद्याच्या शब्दांना सीमा अडवीत नाहीत. हातही तोच: खळ देणे, कांड्या भरणे, फणीतून धागा ओवणे, धोटा फेकणे. हे काही नव्याने शिकावे लागले नाही.

मग नव्याने काय शिकावे लागले? आमच्या मते इथेच या साऱ्या इतिहासाचे मर्म आहे. विणकर गाव बदलतो तेव्हा त्याचे कौशल्य सोबत येते. न येणारी गोष्ट म्हणजे ते कापड ज्या अंगावर जायचे ते अंग. सोलापूरच्या बाजारात लुगडी घेणारी बाई दख्खनच्या पठारावरची मराठी शेतकरीण होती. तिला लागणारी लांबी किती, पन्हा किती, काठ बोटभर की चार बोटे, पदराच्या पट्ट्या कशा, चौकडी केवढी, हे परक्या माणसाला एकेक करून शिकायचे होते. रंगांचे तर एक स्वतंत्र व्याकरणच होते. संक्रांतीला काळी चंद्रकळा चालते, नव्हे हवीच असते, पण एरवी शुभकार्याला काळे वर्ज्य. हिरवे लग्नाचे आणि ओटीचे. केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेच्या वाट्याला तांबडे आलवण. म्हणजे एकच तांबडा रंग पोतानुसार आणि काठानुसार सौभाग्याचा ठरे किंवा वैधव्याचा. हे नियम कोणत्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. चुकीचा रंग लावलेले लुगडे दुकानात पडून राही आणि मजुरीत कापले जाई. शिकण्याची ही पद्धत. एखाद्या समाजाच्या बायकांचे सुखदुःख त्यांच्या पुरुषांहूनही बारकाईने कोणाला माहीत असेल तर ते त्यांच्यासाठी विणणाऱ्या परभाषी माणसाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीशीच.

मागावर नवे सूत चढवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की जुने कापड उतरवताना विणकर जुन्या ताण्याची टोके फणीत तशीच राहू देतो. नव्या ताण्याचा प्रत्येक धागा त्या जुन्या टोकाला पिळून सांधायचा, मग सारे पुढे ओढून घ्यायचे. हजारो धागे एकेक करून ओवण्याचा त्रास त्याने वाचतो. हे काम बहुधा बायका आणि मुले करीत. इतिहासात ज्यांना 'स्थलांतर' या एका शब्दात गुंडाळले जाते त्या कुटुंबांत प्रत्यक्ष जुळवाजुळव कोणाच्या बोटांनी केली याची आठवण असावी म्हणून हे सांगितले.

सोलापुरात आलेल्या सगळ्यांचे माग स्वतःचे राहिले नाहीत, हेही सांगायला हवे. काहींनी भांडवल जमवून मागांचे कारखाने काढले; पुष्कळजण आपल्याच जातभाईच्या छपरात, त्याच्या मागावर, उचल घेऊन मजुरी करू लागले. अंगावर घेतलेली उचल फिटेपर्यंत कारखाना सोडता येत नसे, आणि ती फिटत नसे. दोरी ओढून धोटा पळवण्याचा माग विसाव्या शतकाच्या आरंभी आला तो सोलापूरच्या विणकरांनी चटकन उचलला. जुन्या गावी वाडवडिलांची रीत आड आली असती कदाचित. परगावी आलेल्याला तो संकोच कमी असतो. एकोणिसाव्या शतकाअखेरच्या दुष्काळांत सरकारी मदतीच्या कामांत विणकरांना खडी फोडायला न लावता त्यांच्याच धंद्यातले काम देण्याचा प्रयोग सोलापुरात झाला, कारण दगडाने एकदा हात राठ झाला की सुतावर चालत नाही. वसाहतीच्या सरकारला इतके कळले होते याचे आम्हांला नवल वाटते.

अशी बिनबोलावता आलेली माणसे आणखी एका वाटेने आली. 1857 च्या धामधुमीनंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकर आग्रा रस्त्याने दक्षिणेस उतरले आणि मालेगाव, भिवंडी येथे स्थिरावले. मालेगाव तोवर नारो शंकरांच्या किल्ल्याचे गाव म्हणून माहीत होते. तिथे उर्दू बोलणाऱ्या मुसलमान विणकरांनी कशाचे काम धरले? रंगीत काठाच्या लुगड्यांचे, जी खानदेशातल्या आणि नगर-नाशिककडच्या हिंदू बायका नेसत. अवधी मुलखातला माणूस, घरात उर्दू, आणि मागावर मराठी पदर. पुढे यंत्रमाग आले, लुगडे मागे पडले, आज मालेगावच्या मागांवर मुख्यतः कोरे कापड निघते. पण एका मोठ्या प्रदेशातल्या कष्टकरी बाईचे रोजचे वस्त्र कित्येक दशके तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या हातांनी विणले, ही गोष्ट आपल्या 'मराठी संस्कृती'वरील ग्रंथांत ठळकपणे आली आहे असे आम्हांला तरी आढळले नाही. नऊवारीचा गौरव पुष्कळ. विणणाऱ्याचा उल्लेख 'कारागीर' या निनावी शब्दात.

बोलावून आणलेल्यांची कहाणी निराळी, आणि ती मात्र आवडीने सांगितली जाते. येवल्याची पेठ वसवण्याचे श्रेय परंपरा रघुजीबाबा नाईकांना देते. त्यांनी पैठण आणि अन्य ठिकाणचे विणकर आणून वसवले आणि पैठणी पैठणच्या बाहेर पडली. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला राजधानी केली तेव्हा बाहेरून विणकर आणवले, आणि तिथल्या किल्ल्याच्या दगडांवरची नक्षी महेश्वरी काठावर उतरली. राजाश्रय असला की स्थलांतराला 'वसवणे' म्हणतात; भुकेपोटी असले की 'लोंढे'. पैठणीची असावली, नारळी काठ, बांगडी-मोर यांवर लेख निघतात, तिच्या किमतीचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे, कारण काठ-पदरातली नक्षी धोट्याऐवजी छोट्या छोट्या तिल्ल्यांनी हाताने भरण्याचे ते काम फार वेळखाऊ आणि कठीण आहे. पण आठवड्याच्या बाजारातून घेतलेले लुगडे फाटून गेले, त्याची गोधडी झाली, आणि गोधडीचीही चिंधी झाली. संग्रहालयात ठेवण्याजोगे काही उरलेच नाही. इतिहास उरलेल्या वस्तूंचा लिहिला जातो.

इथे जाता जाता एक गोष्ट सुचते. आपल्या वारकरी परंपरेत माळी आहे, कुंभार आहे, सोनार, शिंपी, न्हावी आहेत. व्यवसायाच्या नावाने ओळखला जाणारा तितक्या तोलाचा विणकर संत चटकन आठवत नाही. ती जागा कबीराने घेतली आहे. महिपतीबुवांनी 1762 मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त त्यालाच आपल्या संतांच्या मेळ्यात बसवले. मराठी भाविकाच्या मनातलाही विणकर परगावचाच निघाला. यावरून फार मोठा सिद्धांत काढू नये. पण विद्यार्थ्यांनी शोध घ्यावा असा हा विषय आहे.

नव्या शहरात हात सोबत नेणाऱ्या प्रत्येकाला नव्याने सुरुवात करता आली असेही नाही. नागपूर-विदर्भाकडे महार समाजात जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा जुना होता. पण मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकर खात्यात प्रवेश नव्हता. कारण असे दिले जाई की कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावा लागतो, आणि विटाळाच्या तोंडाचा धोटा इतरांना चालणार नाही. विणकर खात्याची मजुरी अधिक होती. कताईची खाती दलितांना मोकळी होती, तिथली कमी. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. समतेच्या गोष्टी करणाऱ्या कामगार पुढाऱ्यांनाही तो अडचणीचा वाटला. शहर सगळ्यांना सामावून घेते, ही आपली आवडती समजूत या धोट्याच्या भोकातून पाहिली तर बरीच लहान दिसते. सोलापूरच्या शालीला मागाजवळ बसायला कोणी आडकाठी केली नाही. मुंबईच्या गिरणीत आलेल्या महाराला केली, आणि तो तर मराठीच बोलत होता.

सोलापूरकडे परत येऊ. स्वातंत्र्याच्या आगेमागे लुगड्याचे गिऱ्हाईक पातळ होत गेले. शहरी बाईने पाचवारी धरली, गिरणीचे छापील पातळ स्वस्त पडू लागले. तेव्हा त्याच समाजाने पुन्हा एकदा, या वेळी गाव न बदलता, नव्याने सुरुवात केली. पुठ्ठ्याच्या छिद्रांकित पट्ट्यांवर चालणारा जेकार्ड माग त्यांनी चादरीला लावला. सोलापुरी चादर ज्यांनी उलटून पाहिली असेल त्यांना आठवेल, एका बाजूला फिक्यावर गडद फुले तर दुसऱ्या बाजूला गडदावर फिकी. सुलटी-उलटी ठरवण्याचे कारणच नाही. लग्नातल्या आहेरापासून एस.टी.च्या रात्रीच्या प्रवासापर्यंत ही चादर मराठी घरात शिरली. पुढे पानिपतच्या चादरी सोलापूरच्या नावाने विकल्या जाऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशनाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. त्याचा अर्थ असा की ही वस्तू या मातीची, हे भारतीय कायद्यानेच मान्य केले आहे. चादरीला एवढे स्पष्ट प्रमाणपत्र मिळाले. ती विणणाऱ्याच्या नातीला फाटकाशी विचारणा होते.

यंत्रमाग आले तसे बायकांचे काम सुटले. घरात बसून कांड्या भरणाऱ्या, ताणा सांधणाऱ्या बायका बिडीकडे वळल्या. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू घरांत मागाच्या खडखडाटाच्या जोडीला मांडीवरचे सूप आणि तेंदूच्या पानांचा वास आला. 2006 मध्ये कुंभारी येथे बिडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. वारल्यांमध्ये काम केलेल्या मराठी बाईच्या नावाच्या वसाहतीत तेलुगू बोलणाऱ्या बायका राहतात. सोलापुरात हे कोणाला विशेष वाटत नाही.

आणि भाषेचे काय झाले? घरात तेलुगू राहिली, शाळेत व बाजारात मराठी आली, शेजारात कन्नड होतीच. 2018 मध्ये दिवंगत झालेले कवी लक्ष्मीनारायण बोल्ली याच समाजातले. त्यांनी मराठीत कविता लिहिली, तेलुगू आणि मराठी यांच्यात अनुवादाचे पूल बांधले आणि आत्मचरित्राला नाव दिले 'एका साळियाने'. पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या 1965 च्या अनुवादाची आठवण जागी करणारे हे शीर्षक मराठी वाचनात मुरलेल्या माणसालाच सुचेल. शिवाय त्यांनी 'शाली' न म्हणता 'साळी' म्हटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या मराठीची मुळे त्यांच्या घरात नव्हती तिच्यातला आपल्या धंद्याचा शब्द त्यांनी स्वतःसाठी निवडला. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत दलित, ग्रामीण, आदिवासी अशी दालने आहेत. मातृभाषा मराठी नसलेल्यांनी लिहिलेल्या मराठीसाठी वेगळे दालन करावे असे आमचे म्हणणे नाही. दालने आधीच पुष्कळ झाली आहेत. पण सोलापूरला मराठी साहित्याच्या नकाशावर ठेवताना ही तेलुगू घरे वगळून ठेवता येणार नाहीत.

आमच्या शेजारीणबाईंच्या आजोबांचा माग त्यांनी पाहिलेला आहे, चालताना नव्हे. आई बिड्या वळीत असे. मॅक्रमे त्या एका शिबिरात शिकल्या. वारसा वगैरे शब्द त्यांना या संदर्भात पटत नाही. ''आजोबांचं वेगळं, सर. ते विणायचे. हे नुसत्या गाठी आहेत,'' असे त्या म्हणाल्या. आम्ही लुगड्यांच्या काठांची आणि तोरणाच्या झालरीची तुलना करू लागलो तेव्हा त्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. गुजराती दाराला कवड्या लागतात, मारवाडी दाराला आरसे अधिक, मराठी माणसाला आंब्याच्या पानांचा आकार हवा असतो आणि त्याला किंमत सर्वांत जास्त वाटते, इतके त्यांनी या दोन वर्षांत शिकून घेतले आहे. शिकले नसते तर दोरीचे पैसेही निघाले नसते.

गेल्या आठवड्यात त्या मोजपट्टी घेऊन आमच्याकडे आल्या. आमच्या दाराची चौकट त्यांनी मापली, वर खिळा कुठे बसेल ते पाहिले आणि विचारले, ''पानं हिरवीच करू ना? की तुमच्याकडे दुसरं काही चालतं?''